झाकण

रामिरो गेला तेव्हा जिन्यात ठेवून गेला
एक काळं भांडं. कढई नाही, तवाही नाही,
मधलंच काहीतरी, एका दांड्याचं.
आणि विजेच्या बिलामागे पेन्सिलीने:
बटाटे पातळ. घाई नको.
बस, एवढंच. मीठ किती, अंडी किती, काही नाही.

शेफील्डमधला आमचा रस्ता असा चढाचा
की दारात पिशवी फाटली तर ऑलिव्ह
थेट खालच्या लाँड्रीपाशी सापडावेत.
सापडले एकदा. तीन.

जूनचा शनिवार. साडेनऊ वाजले
तरी उजेड निघायचं नाव घेत नाही,
ओट्यावर कोपर टेकून उभा,
जेवूनच जाईन म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.

बटाटे तळायचे नाहीत, तेलात पोहू द्यायचे,
असं रामिरो सांगायचा, सायकल खांद्यावर घेऊन.
मी म्हटलं, एवढं तेल? एवढ्यात माझा महिना निघतो.
तो म्हणाला, तेल परत बाटलीत जातं,
चिक्कूपणा मात्र बटाट्यात राहतो.

मिरच्या हिरव्या, बोटाएवढ्या, भाजून सुरकुतलेल्या,
वर जाडं मीठ.
दहांत एखादी तिखट निघते म्हणे.
ग्वेनने तीस वर्षं डबलडेकर हाकली या चढांवर,
ती एकेक मिरची फासा टाकावा तशी उचलते,
डोळे गच्च मिटून.
मला दहाच्या दहा गोड लागतात.
पण तिच्या जुगारात मी कशाला मोडता घालू?

पावाच्या चकत्या भाजून त्यांवर लसूण घासायचा,
मग अर्धा टोमॅटो, नुसती साल हातात उरेपर्यंत.
हे काम कोफी मागून घेतो.
रात्रपाळीत आजाऱ्यांच्या नसा
हलकेच शोधणारे त्याचे हात
टोमॅटोला मात्र रगडतात, जुनं वैर असल्यासारखे.

पेले चार, चार तऱ्हांचे.
वाइन कोपऱ्यावरच्या दुकानातली, बाटलीवर बैल.
किंमत विचारू नका.
श्रीरंग स्टीलच्या फुलपात्रातून पितो,
म्हणतो, गार राहते.
लाल वाइन गार कशाला, हे त्याला विचारायचं नाही.

'तापा' म्हणजे झाकण, हेही रामिरोचंच.
माशी पडू नये म्हणून पेल्यावर पावाची चकती,
चकती रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर काहीतरी,
आणि मग त्या काहीतरीचंच कौतुक.
खरं-खोटं देव जाणे.
आमच्याकडे दुधाच्या पातेल्यावर झाकण असायचं,
ते कुणी चाखून पाहिल्याचं आठवत नाही.

आता उलटायची वेळ.
भांड्यावर ताट पालथं, ताटावर तळहात, श्वास आत.
तिघंही गप्प. ग्वेनने हातातली मिरची खाली ठेवली.
आयुष्यभर थालीपिठं उलटली या हातांनी,
घावन उलटले, जाळी न मोडता,
एक, दोन

आणि निम्मं अंडं शेगडीवर,
उरलेलं माझ्या मनगटावरून कोपराकडे.

कुणी हसलं नाही.
कोफीने पावाचा तुकडा घेतला,
शेगडीच्या कडेचं पुसून तोंडात टाकलं
आणि म्हणाला, मीठ बरोबर आहे.

मग चमचेच काढले.
ओट्याभोवती उभ्याउभ्या, एका भांड्यात चौघं,
खरवडीसाठी आपापसात थोडी ढकलाढकली.
गरम बटाटा फुंकता फुंकता ग्वेन म्हणाली,
माझा भाऊ गेला, मार्चमध्ये.
आणि फुंकत राहिली.

मार्चपासून रोज भेटत होती ती आम्हाला,
कचऱ्याच्या डब्यांपाशी, हवेबद्दल बोलत.

श्रीरंगने तिचा पेला भरला.
मी माझ्या हातातली चकती त्यावर ठेवली.
माशी कुठेच नव्हती.

रात्री उरलेलं तेल गाळून बाटलीत भरलं,
तो सांगायचा तसं.
थोडं सांडलंच.